फंक्शनचा धडा सुरू करण्याआधी

अनेक उत्तम आशीर्वाद.

फंक्शनची सुरुवात व्याख्येने करावी की उदाहरणांनी, असं तू विचारलंस. माझं ऐकशील तर पहिले दोन तास फळ्यावर एकही सूत्र लिहू नकोस.

फंक्शन म्हणजे सूत्र, हे मुलांच्या डोक्यात तुझ्याकडे येण्याआधीच पक्कं बसलेलं असतं. व्याख्या विचारलीस तर घडाघडा म्हणून दाखवतील: डोमेनमधल्या, म्हणजे फंक्शनमध्ये ज्या किमती घालता येतात त्यांच्या संचातल्या, प्रत्येक घटकाशी एक आणि एकच घटक जोडलेला असतो वगैरे. मग सगळीकडे किंमत ५ असलेलं स्थिर फंक्शन दे आणि एफ ऑफ २, म्हणजे २ साठीची किंमत, किती ते विचार. कोणी १० म्हणेल, कोणी विचारेल, ‘पण २ घालायचे कुठे? इथे एक्सच नाही.’ पाठ केलेली व्याख्या आणि मनातली प्रतिमा या दोन वेगळ्या गोष्टी असतात, हे डेव्हिड टॉल आणि श्लोमो विनर या गणितशिक्षणाच्या अभ्यासकांनी १९८१ साली नीट मांडून ठेवलंय. गणित सोडवताना मूल प्रतिमेचाच आधार घेतं. यात मुलांना नावं ठेवण्यासारखं काही नाही. चल आणि स्थिरांक यांची मिळून झालेली राशी म्हणजे फंक्शन, असं ऑयलरसारख्या थोर गणितज्ञानेही १७४८ मध्ये लिहिलं होतं. परिमेय संख्यांना एक किंमत आणि अपरिमेयांना दुसरी, असलं तिरपागडं फंक्शन डिरिक्ले या गणितज्ञाने पुढे ठेवलं ते १८२९ मध्ये. एवढा पल्ला मुलांनी एका तासात गाठावा, ही अपेक्षा जरा जास्तच आहे.

तेव्हा सूत्राऐवजी एक चिमुकला तक्ता दे. १ ला ४, २ ला ७, ३ ला ७, ४ ला ०. बस. या फंक्शनचं सूत्र द्यायचं नाही, आणि कोणी शोधायला लागलं तर शोधू देऊ नकोस. आता एकेक प्रश्न टाक. एफ ऑफ ५ किती? बरेच जण ० म्हणतील. तिथे थांब. ४ ची किंमत ० आहे; ५ ला मात्र किंमतच नाही. डोमेन हा शब्द इथे पहिल्यांदा काढलास तर तो कामाचा वाटेल. पुढे: १ आणि २ ची बेरीज करून मग एफ लावला तर ७ येतात, आधी एफ लावून बेरीज केली तर ४ आणि ७ मिळून ११. एफ कंसात वाटून टाकायची जी खोड असते ना, ती ‘असं करायचं नसतं’ हे कितीही वेळा सांगून जात नाही, पण ७ आणि ११ शेजारी-शेजारी दिसले की जरा हलते. कोणत्या एक्सला ७ मिळतात, हे विचारलंस की २ आणि ३ अशी दोन उत्तरं येतील. ‘मग हे फंक्शन कसं?’ असं कोणीतरी विचारतंच. न विचारलं तर तूच विचार. दोघांना एकच किंमत चालते, एकाला दोन चालत नाहीत. आणि उलट दिशेने जायचं म्हटलं तर ७ पाशी अडतं. व्यस्त फंक्शनची अर्धी तयारी इथेच होते.

याच तक्त्यावर एफ ऑफ (एक्स अधिक १) घे, म्हणजे आधी एक्समध्ये १ मिळवायचा आणि मग एफ लावायचा. एक्स ० असताना ४, १ असताना ७, २ असताना ७, ३ असताना ०. सगळ्या किमती एक घर डावीकडे सरकल्या. ‘अधिक असून डावीकडे का?’ हा सनातन प्रश्न. आपण तो ‘आत असेल तर उलटं’ अशी युक्ती सांगून मिटवतो आणि महिन्याभराने मुलं नेमकं कुठे उलटं हे विसरतात. तक्त्यात कारण दिसतं: ४ ही किंमत मिळायला आत १ पोचायला हवा, आणि त्यासाठी एक्स ० पुरतो.

संख्या आत, संख्या बाहेर अशा यंत्राचं चित्र सगळी पुस्तकं देतात. किंमत काढण्यापुरतं ते ठीक, पण एक्स बदलत गेला की काय होतं, हे त्यात दिसत नाही, आणि पुढे कॅल्क्युलसला तेच लागतं. म्हणून तिसऱ्या तासाला गोल बुडाच्या आणि सरळ मानेच्या फ्लास्कचं चित्र काढ. त्यात पाणी ओततोय; आडव्या अक्षावर पाण्याचं आकारमान, उभ्यावर पातळीची उंची. आलेख काढायला सांग, आकडे देऊ नकोस. काही जण चक्क फ्लास्कचाच आकार काढतील. रागावू नकोस, ‘आणखी एक कप ओतलं तर पातळी आधीपेक्षा जास्त चढेल की कमी?’ एवढंच विचारत राहा. तळाशी भराभर, मध्यापर्यंत मंद, मग पुन्हा वेग, आणि मानेत सरळ रेषा. हुशार मुलांसाठी एक प्रश्न राखून ठेव: मान सुरू होते तिथे आलेखाला कोपरा येतो का? बहुतेक जण हो म्हणतात. येत नाही, कारण जोडावर गोलाची आणि मानेची रुंदी सारखीच असते.

उभ्या रेषेची चाचणी, म्हणजे कुठलीही उभी रेषा आलेखाला एकापेक्षा जास्त ठिकाणी छेदत नसेल तरच ते फंक्शन, ही शक्य तितकी उशिरा सांग. आधी कळली की मुलं पट्टी फिरवतात आणि विचार करणं सोडून देतात.

सूत्रं चौथ्या तासापासून आण, आणि पहिलं सूत्र असं निवड की डोमेन विसरून चालणार नाही: एक्स वर्ग वजा ४, भागिले एक्स वजा २. हे आणि एक्स अधिक २ एकच का, यावर वर्गाला भांडू दे. दोन्हींचे आलेख काढून घे. पहिल्याला २ पाशी किंमतच नाही हे ओळखून तिथे पोकळ ठिपका कोणी स्वतःहून काढला तर मला जरूर कळव.