कामाच्या जागी: राजकारणावरून अबोला

प्रश्न : गोव्यातल्या कुंडई औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी शिफ्ट सुपरवायझर आहे. गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी सुरू कराव्यात की नाही, यावरून दोन फिटरांची कॅन्टीनमध्ये जुंपली. पुढे ते भांडण शिफ्टच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आलं. आता दोघं एकमेकांशी बोलत नाहीत, शिफ्ट बदलताना मशीनबद्दलही काही सांगत नाहीत. कामावर राजकारण बोलायलाच बंदी घालू का?

उत्तर : बंदी घालू नका. बोलणं बंद होत नाही, फक्त तुमच्या कानावर यायचं थांबतं. आणि बंदी मोडली म्हणून एकालाच टोकलंत की 'साहेब त्या पक्षाचे' हा शिक्का बसतो. तो पुसायला फार वेळ लागतो.

आधी हँडओव्हर, म्हणजे एका शिफ्टने दुसरीला काम सोपवणं, सावरा, कारण खरा धोका तिथे आहे. दुरुस्तीसाठी कन्व्हेयरचा गार्ड (संरक्षक झाकण) काढलाय हे पुढच्या शिफ्टच्या फिटरला कळलं नाही, तर कुणाचा तरी हात जाईल. लॉगबुकात मशीन नंबर, बिघाड, केलेलं काम आणि अर्धवट राहिलेलं काम, असे चार रकाने आखा. मशीनपाशीच दोघांच्या सह्या घ्या. दुरुस्ती अर्धी असेल, तर येणाऱ्याने मेन स्विचला आपलं कुलूप आणि टॅग लावल्यावरच जाणाऱ्याने आपलं काढायचं. सुरुवातीचे पंधरा दिवस शिफ्ट बदलताना दहा मिनिटं तुम्ही स्वतः तिथे थांबा. गप्पा मारायची सक्ती करता येत नाही, पण हे लिहिणं आणि सांगणं नोकरीचा भाग आहे.

मग दोघांना एकाच दिवशी, पण वेगवेगळं बोलवा. खाणींच्या बाबतीत बरोबर कोण, हा विषय काढूच नका. 2012 साली खाणी बंद पडल्या आणि 7 फेब्रुवारी 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने 88 खाण-लीजांचं (भाडेपट्ट्यांचं) नूतनीकरण रद्द केलं. डिचोली-सत्तरीकडच्या कितीतरी घरांत खनिज वाहणारे ट्रक दारात उभे राहिले आणि बँकेचे हप्ते मात्र चालूच होते. दुसरीकडे शेतात खाणीचा गाळ शिरलेली, विहिरी आटलेली घरंही आहेत. तुम्ही ज्याला राजकारण म्हणता, ते या माणसांच्या जेवणाच्या ताटाशी जोडलेलं आहे. समजूत घालून ते मिटणार नाही आणि तशी अपेक्षाही धरू नये.

विचारायचं ते एवढंच : तो नेमकं काय म्हणाला, कुठे, कुणासमोर? 'खाणी हव्यातच' हे मत झालं, त्याला हात लावू नका. 'तुझ्या बापाने खाणवाल्यांचे पैसे खाल्ले' हा अपमान. त्याची तारीख, वेळ, शब्द आणि साक्षीदार लिहून ठेवा, तोंडी समज द्या. पुन्हा घडलं तर लेखी खुलासा मागा. भाषा दोघांसाठी एकच ठेवा. एकाला मेमो आणि दुसऱ्याला चहा पाजून समजावणी, असं झालं की प्रकरण युनियनकडे जातं, आणि ते जायलाच हवं.

ग्रुपच्या सेटिंगमध्ये संदेश पाठवायचा अधिकार फक्त अ‍ॅडमिनना ठेवा आणि प्रत्येक शिफ्टचा एकेक माणूस अ‍ॅडमिन करा, म्हणजे बिघाडाची खबर अडणार नाही. गप्पांचा ग्रुप त्यांना हवा तर त्यांनी काढावा. त्यात तुम्ही राहू नका. तुमच्या स्वतःच्या स्टेटसवरही कुठल्या नेत्याचा फोटो नको.

प्रश्न : म्हापशात एका दुकानात कामाला आहे. मालक उमेदवाराच्या सभेला चला म्हणतात, मत कुणाला देणार तेही विचारतात. काय करावं?

उत्तर : सभेला जाणं तुमच्या कामात मोडत नाही. 'घरी काम आहे, येत नाही' एवढं पुरे. मत गुप्त असतं, ते सांगायला तुम्ही बांधील नाही. अमक्याला मत दिलं नाहीस तर काढून टाकीन अशी धमकी आली, तर तो भारतीय न्याय संहितेच्या कलम 171 खाली निवडणुकीतला गैरप्रभाव ठरतो. मेसेज जपून ठेवा आणि निवडणूक अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या. विधानसभा किंवा लोकसभेच्या मतदानादिवशी मतदार कामगाराला पगारी सुट्टी द्यावी लागते, खासगी दुकानातसुद्धा. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 135 ब मध्ये ते आहे. त्या दिवसाचा पगार कापला असेल, तर पगाराची पावती तक्रारीला जोडा.