‘साहसी कोण?’ : ताराबाईंच्या शीर्षकातला एक शब्द

प्रश्न असा आला आहे : “ताराबाई शिंदे यांच्या ‘स्त्रीपुरुष तुलना’ या निबंधाच्या शीर्षकात पुढे ‘अथवा स्त्रिया व पुरुष यांत साहसी कोण’ असे शब्द आहेत. साहसी म्हणजे शूर, धाडसी. मग बायका पुरुषांपेक्षा शूर असतात, हे त्यांना दाखवायचं होतं का? तसं असेल तर आत शौर्याबद्दल फारसं का नाही?”

शौर्याबद्दल नाही, कारण प्रश्न शौर्याचा नाहीच. १८८२ साली ताराबाईंनी ‘साहसी’ लिहिलं तेव्हा त्यांच्या मनातला अर्थ होता मागचापुढचा विचार न करता भलतं करून बसणारा, पापाला न भिणारा. त्यांचा सवाल असा आहे : घोर कृत्यं करतं कोण? तुम्ही बायकांकडे बोट दाखवता, तर एकदा हिशेब मांडूनच बघू. रोझलिंड ओ’हॅनलन यांनी १९९४ मध्ये या निबंधाचं इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केलं, त्यातही शीर्षकात शूरपणा नाही. ‘खरे दुष्ट आणि अनीतिमान कोण’ अशा अर्थाचे शब्द आहेत.

हा अर्थ ताराबाईंनी पदरचा घातलेला नाही. संस्कृतात ‘सहस्’ म्हणजे बळ, जोर. त्यावरून ‘साहस’, म्हणजे जोराने, बळजबरीने केलेलं काम. मनुस्मृतीत कज्जाची जी अठरा कारणं सांगितली आहेत, त्यांत चोरीच्या शेजारी साहस बसलेलं आहे. दंडाच्या पायऱ्यांनाही तेच नाव : प्रथम साहस अडीचशे ‘पण’ (त्या काळचं नाणं), मध्यम पाचशे, उत्तम हजार. म्हणजे साहस हा मुळात कोर्टकचेरीतला शब्द, गुन्ह्याचा आणि दंडाचा. (याच ‘सहस्’चा ‘सहसा’. ‘सहसा विदधीत न क्रियाम्’ यात तो ‘तडकाफडकी, अविचाराने’ या अर्थाने येतो. मराठीत मात्र ‘सहसा तो खोटं बोलत नाही’ म्हणताना तो इतका निवांत झाला आहे की मूळचा जोर कुणाला आठवतही नाही.)

आता यात बायका कुठून आल्या? चाणक्याच्या नावावर चालणारा एक श्लोक जुन्या सुभाषितसंग्रहांत हमखास सापडतो : ‘अनृतं साहसं माया मूर्खत्वमतिलोभिता । अशौचत्वं निर्दयत्वं स्त्रीणां दोषाः स्वभावजाः ॥’ खोटेपणा, साहस, कपट, मूर्खपणा, हावरटपणा, अस्वच्छता, निर्दयपणा हे बायकांचे जन्मजात दोष. यादीत साहस दुसऱ्याच क्रमांकावर! भर्तृहरीच्या शृंगारशतकात तर स्त्री म्हणजे ‘पत्तनं साहसानाम्’, साहसांचं अख्खं नगर. अशा श्लोकांवर वाढलेल्या वाचकाला ‘साहसी कोण’ हा सवाल ऐकून शूर राणी आठवली नसती. त्याला ही दोषांची यादीच आठवली असती. ताराबाईंनी नेमका तोच शब्द उचलला आणि शीर्षकात टांगला. निबंधाची रचनाही तशीच आहे : त्या आत एकेक दोष घेतात आणि तो पुरुषांत किती पट आहे ते दाखवतात.

निमित्त माहीत असलं की शब्द आणखी लख्ख होतो. १८८१ मध्ये सुरतेकडच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला, स्वतःचं अनौरस मूल मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली होती. मुंबईच्या हायकोर्टात ती कमी झाली. पण वर्तमानपत्रांतून समस्त स्त्रीजातीच्या चारित्र्यावर तोंडसुख घेणं सुरू झालं. बुलढाण्याच्या ताराबाईंना विचारायचं होतं ते असं : मूल मारण्याचं साहस त्या बाईचं, हे ठीक, पण तिला त्या अवस्थेला आणून स्वतः नामानिराळा राहिलेला जो पुरुष, त्याच्या साहसाचं काय? तिच्या पुनर्विवाहाची वाट बंद करून ठेवणाऱ्यांच्या साहसाचं काय? शीर्षकात ‘साहसी’च्या जागी ‘धाडसी’ वाचलं की ही सगळी धार बोथट होते, आणि उरतं ते शाळेतल्या वक्तृत्वस्पर्धेसारखं काहीतरी.

साहसाला कौतुकाची बाजू संस्कृतातही होती, हे मान्य. ‘साहसे श्रीः प्रतिवसति’ (साहसात लक्ष्मी राहते) हे वाक्य ‘मृच्छकटिक’ या नाटकात आहे. पण ते म्हणतो कोण? घर फोडून आलेला शर्विलक, आपल्या प्रेयसीला. पुरुषाने जोखीम घेतली की तिच्यात लक्ष्मी राहते, बाईने घेतली की तो स्वभावदोष. शब्द एकच.

हा निंदेचा अर्थ आपल्या बोलण्यातून अजून पुरता गेलेला नाही. ‘भलतंच साहस करू नकोस’ हे आपण आजही म्हणतो. माझी आजी तिच्या धाकट्या नणंदेबद्दल बोलताना नेहमी म्हणायची, “वन्संनी साहस केलं.” या आत्या नवऱ्याचं घर सोडून नर्सिंग शिकायला गेल्या होत्या. मी आठ-नऊ वर्षांची असेन. मला वाटायचं, आजी कौतुक करतेय. मीही एकदा आत्यांना सांगितलं, की आजी तुम्हाला साहसी म्हणते. त्या भाजी निवडत होत्या. हात थांबला, आणि म्हणाल्या, “अजून म्हणतात होय?” आजी ते वाक्य आवाज खाली आणून बोलायची, हे माझ्या ध्यानात फार उशिरा आलं. श्लोकांतला, स्मृतीतला, ताराबाईंचा ‘साहस’ आमच्या स्वयंपाकघरात जिवंत होता आणि मी तो शाळेच्या पुस्तकातल्या साहसकथांच्या अर्थाने ऐकत होते.

असाच प्रवास ‘धीट’चाही आहे, आणि मला तो जास्त मोलाचा वाटतो. धीट आला ‘धृष्ट’वरून, म्हणजे उद्धट, निर्लज्ज. ‘धृष्टता’ आजही शिवीच्या जवळचीच आहे; ‘धिटाई’ मात्र बक्षीस मिळवते. ‘मुलगी धीट आहे हो’ हे पूर्वी काळजीने सांगायचं वाक्य होतं, आता आईबाप अभिमानाने सांगतात. याच्या उलट टोकाला ‘शालीन’ ठेवून बघा. पाणिनीचं एक सूत्र आहे, ‘शालीनकौपीने अधृष्टाकार्ययोः’. शालीन म्हणजे अधृष्ट, धीट नसलेला. आणि शब्द साधला आहे ‘शाला’ म्हणजे घर यावरून. बुजरा, घरात शिरण्याजोगा. पाणिनीने तो काही बायकांसाठी राखून ठेवलेला नाही. आपण मात्र आज ‘शालीन मुलगा’ क्वचितच म्हणतो. घराशी बांधलेला शब्द तेवढा बाईच्या वाट्याला ठेवून दिला.

तेव्हा साहस, धीट हे शब्द बाईच्या बाबतीत निंदेकडून स्तुतीकडे सरकले, हे खरं. त्याचा मला आनंदही आहे. पण एक गोष्ट खटकते. १९३३ मध्ये ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह आला तेव्हा मालतीबाई बेडेकरांना ‘विभावरी शिरूरकर’ या नावाआड राहून लिहावं लागलं. आज तसं लिहिणारी स्वतःच्या नावाने लिहिते आणि मलपृष्ठावर छापलं जातं, ‘धाडसी लेखन’. शरीराबद्दल, लग्नातल्या एकटेपणाबद्दल पुरुषाने लिहिलं तर ते ‘प्रांजळ’ किंवा ‘थेट’ असतं. बाईने लिहिलं की धाडसी. तिने गप्प राहावं ही अपेक्षा गृहीत धरल्याशिवाय तिथे ‘धाडस’ या शब्दाला जागाच उरत नाही. मी स्वतः परीक्षणं लिहिताना हा शब्द आता टाळते. लेखन चांगलं असेल तर ते कशामुळे चांगलं आहे हे सांगते.

प्रश्नकर्त्यांना वाचक-मंडळात हा निबंध वाचायचा आहे, असं त्यांनी लिहिलं आहे. शीर्षक बदलू नका, ‘साहसी’ तसाच मोठ्याने वाचा. मग वर दिलेला ‘अनृतं साहसं’ श्लोक म्हणून दाखवा आणि पुन्हा एकदा शीर्षक वाचा. १८८५ मध्ये जोतीराव फुल्यांनी आपल्या ‘सत्सार’ या नियतकालिकाच्या दुसऱ्या अंकात या निबंधाची बाजू घेतली, तोही भाग हाताशी असला तर उत्तम. आणि अर्थ एका शब्दात सांगायचाच झाला तर ‘धाडसी’ नको. ‘अविचारी’ थोडा सौम्य पडतो, ‘अनर्थकारी’ बराच जवळ जातो.