स्वप्नातल्या घरात आधी एक मंगळवार काढ
सुरुवातीलाच खोल्या मोजत बसू नकोस. त्या घरातला एखादा साधा मंगळवार डोळ्यांसमोर आण. दाराशी आलास, दोन्ही हातांत पिशव्या. किल्ली काढताना त्या टेकवणार कुठे? ओले कपडे कुठे वाळणार? मी सूर्यास्त दिसावा म्हणून पश्चिमेला मोठ्या खिडकीचा हट्ट धरला. आता रोज चार वाजले की पडदे ओढून बसतो! तेव्हा ऊन-वारा आधी, फरशीचा रंग नंतर. स्वयंपाकाचा ओटा साधारण ८५ ते ९० सेंटिमीटर उंच करतात, पण तू सरळ उभा राहून कोपराच्या १० ते १५ सेंटिमीटर खाली मोज, तीच तुझ्या ओट्याची उंची. पलंगाभोवती ६० सेंटिमीटर तरी मोकळे सोड, नाहीतर चादर घालताना भिंतीला नाक घासशील. झुंबराचं नंतर बघू.