प्रोब लावण्याआधी
प्रोब (ठरावीक जनुकाला चिकटणारा, खूण लावलेला डीएनएचा तुकडा) चमकला म्हणजे जीवाणू विष बनवतोच, असं धरून चालू नकोस. प्रोब फक्त जनुक दाखवतो. विष तयार होतंय का, ते वेगळ्या चाचणीनेच कळतं. ई. कोलायच्या एलटी (उष्णतेने नष्ट होणारं) आणि एसटी (उष्णतेत टिकणारं) या विषांची जनुकं प्लाझ्मिडवर, म्हणजे जीवाणूतल्या सुट्या डीएनए-वर्तुळावर असतात. वारंवार सबकल्चर केलंस, म्हणजे जीवाणू पुन्हा पुन्हा नव्या माध्यमावर वाढवलास, तर प्लाझ्मिड गळू शकतो आणि निकाल निगेटिव्ह येतो. म्हणून ताजं कल्चर घे, एकाच कॉलनीवर भिस्त ठेवू नकोस.

खरी मेख प्रोब लावल्यावर फिल्टर (कॉलन्यांचा डीएनए चिकटवलेला पडदा) धुण्यात आहे. शेवटच्या वॉशला मीठ कमी, तापमान जास्त ठेवलं की अर्धवट जुळलेला प्रोब सुटतो. पण वीसेक बेसचा (डीएनएच्या अक्षरांचा) छोटा प्रोब असेल तर हात आवर, खरा सिग्नलही वाहून जाईल. पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह कंट्रोल (जनुक नक्की असलेला आणि नक्की नसलेला नमुना) प्रत्येक फिल्टरवर हवेतच, कितीही कंटाळा आला तरी.