कॅनबेराच्या नॅव्हिगेटरला भेटायला जाताना

रविवारी विमाननगरच्या काकांकडे, म्हणजे हवाई दलाच्या कॅनबेरा बॉम्बर विमानात नॅव्हिगेटर (मार्ग आखणारा) असलेल्या काकांकडे, युद्धाच्या आठवणी ऐकायला जाणार आहेस ना, मग आधी १९७१ चं पंचांग उघड. युद्ध पेटलं ३ डिसेंबरच्या संध्याकाळी, पौर्णिमा नुकतीच झालेली. त्याच रात्री आपली कॅनबेरा विमानं पाकिस्तानी धावपट्ट्यांवर बॉम्ब टाकायला गेली. चांदण्यात नदी, रेल्वेचे रूळ दिसतात, पण विमानही दिसतं. म्हणून "भीती वाटली का" असलं विचारूच नकोस. "त्या रात्री चंद्र कुठे होता" विचार, माणूस आपोआप बोलतो. मला अशाच एका नॅव्हिगेटरनी टेबलक्लॉथवर बोटाने अख्खा परतीचा मार्ग काढून दाखवला होता, बोट थरथरत होतं.

बॉम्बर कॅनबेरात दोघंच. वैमानिक वर काचेखाली, नॅव्हिगेटर खाली नाकात, आणि इजेक्शन सीट, म्हणजे संकटात विमानाबाहेर फेकणारी खुर्ची, फक्त वैमानिकाला. हे ठाऊक असेल तर त्यांच्या प्रत्येक वाक्याचं वजन कळेल.

दुपारी जाऊ नकोस, त्यांची झोपेची वेळ. रेकॉर्डिंगला आधी परवानगी घे. लॉगबुक (उड्डाणांची नोंदवही) दाखवलं तर चहाचा कप लांब ठेव, फोटो तिथेच काढ. घरी न्यायला मागू नकोस. काकू बसल्या असतील तर त्यांनाही विचार, लोहगावच्या हवाई तळावरच्या क्वार्टर्समध्ये त्या रात्री कशा काढल्या.