बाह्यग्रह की बहिर्ग्रह? मंगळ नेमका कुठं धरायचा?

एका ताईंनी विचारलंय की पोरीच्या पुस्तकात गुरू, शनी, युरेनस, नेपच्यून हे चारच बाह्यग्रह दिलेत आणि दुसरीकडं एका लेखात मंगळालाही बहिर्ग्रह म्हणलंय, मग बरोबर कोणतं?

ताई, दोन्ही बरोबर. शब्दाकडून बघायचं तर दोन्ही एकाच घरचे, संस्कृतातल्या 'बहिस्' वरून 'बाह्य' आला आणि तोच बहिस् जोडशब्दात 'बहिर्' होतो, बहिर्गोल, बहिर्मुख तसंच बहिर्ग्रह. आपलं रोजचं 'बाहेर'सुद्धा तिथलंच. फरक शब्दात नाहीच, फरक आहे तो बाहेर म्हणजे कशाच्या बाहेर यात.

आकाश बघणारा माणूस पृथ्वीच्या कक्षेवरून हद्द धरतो. बुध-शुक्र आतले, मंगळापासून पुढचे सगळे बाहेरचे. हे उघड्या डोळ्यांनी कळतं बघा. उन्हाळ्यात आम्ही गावाकडं माळवदावर झोपायचो, तेव्हा आजोबा अर्ध्या रात्री उठवून डोक्यावरचा गुरू दाखवायचे, पण शुक्र कधीच नाही, तो एकतर सांजेला मावळतीकडं नाहीतर पहाटे उगवतीला. मध्यरात्री माथ्यावर यायचं तर ग्रह सूर्याच्या बरोबर समोर पाहिजे, पेपरात ज्याला प्रतियुती म्हणतात ते, आणि ती फक्त बाहेरच्या ग्रहांचीच होते, त्यात मंगळ आला.

पुस्तकवाले हद्द धरतात मंगळ आणि गुरूच्या मधल्या लघुग्रहांच्या पट्ट्यावरून. तिच्या आत खडकाळ चार ग्रह, पलीकडं हे चार महाकाय, ज्यांच्यावर उभं राहायला जमीनच नाही. गुरू एकटाच पृथ्वीच्या ३१८ पट वजनदार आणि तरी १० तासांच्या आत स्वतःभोवती गिरकी घेतो, शनीची घनता तर पाण्यापेक्षाही कमी. म्हणून मला वाटतं पट्ट्यापलीकडच्यांना 'बाह्यग्रह' आणि पृथ्वीच्या कक्षेबाहेरच्यांना 'बहिर्ग्रह' असं ठरवून वापरलं तर पोरांचा गोंधळ होणार नाही. आज तसा पक्का नियम नाही, त्यामुळं लिहिणाऱ्यानं एका ओळीत हद्द सांगून टाकावी.

शनीचं नाव मला या सगळ्यात जास्त आवडतं. शनैश्चर, म्हणजे हळूहळू चालणारा. सूर्याभोवती एका फेरीला त्याला साडेएकोणतीस वर्षं लागतात, म्हणजे एका राशीत जवळपास अडीच, आणि तीन राशींची साडेसात. साडेसाती हा शब्द त्या चालीतूनच आलाय. गेवराईकडं राक्षसभुवनला शनीच्या दर्शनाला जाणाऱ्या कितीतरी जणांच्या तोंडी हा शब्द असतो, त्यात ग्रहाचा वेग मोजलेला आहे हे त्यांना आवर्जून सांगावंसं वाटतं.

आणि पत्रिकेतला 'हर्षल' हर्षावरून आलेला नाही बरं का. १७८१ साली विल्यम हर्शेलनं युरेनस शोधला, त्याच्या आडनावाचं हे मराठी रूप.