फोन ‘लावायचा’ की ‘करायचा’?

सोलापूरच्या एका वाचक ताईंनी विचारलं आहे: “आई म्हणते ‘मामाला फोन लाव’. ऑफिसात मी तसं बोलले तर एकजण म्हणाला, ‘लाव’ गावठी आहे, ‘कर’ म्हणावं. खरंच चुकतं का?”

अजिबात चुकत नाही. आईचा शब्द जास्त नेमका आहे.

आपल्या एसटी स्टँडवर ‘पंढरपूर गाडी लागली का?’ असं विचारतात. गाडी फलाटाला येऊन भिडली का, एवढंच विचारायचं असतं. जागा मिळणं, गाडी सुटणं हे नंतरचं. ‘लागणे’ म्हणजे मुळात स्पर्श होणं, टेकणं. पायाला ठेच लागते, होडी किनाऱ्याला लागते. तेच आपण घडवून आणलं की झालं ‘लावणे’.

फोनच्या बाबतीत हा स्पर्श एके काळी डोळ्यांनी दिसायचा. जुन्या स्ट्रॉजर एक्स्चेंजचा, म्हणजे ऑपरेटरशिवाय आपोआप फोन जोडणाऱ्या केंद्राचा, एक सिलेक्टर (नंबर निवडणारा भाग) भंगारवाल्याकडून आणून मी टेबलावर ठेवला आहे. मधे उभा दांडा, त्याला धातूचे बारीक हात. त्यांना वायपर म्हणतात. शेजारी कमानीसारखी वळलेली घरांची बँक, म्हणजे एकेका फोनच्या लाइनला जोडलेल्या धातूच्या टोकांची रांग: खालून वर दहा ओळी, ओळीत दहा घरं, म्हणजे शंभर नंबर. समजा नंबराचे शेवटचे आकडे ४७ आहेत. ४ फिरवून बोट काढलं की डायल माघारी येताना लाइनमधला प्रवाह चारदा तुटायचा आणि दांडा खट खट करत चार पायऱ्या वर चढायचा. मग ७ फिरवला की तोच दांडा सात घरं आडवा वळायचा आणि वायपर सातव्या घरावर जाऊन टेकायचा. लागला फोन! शून्याला दहा ठोके, म्हणून शून्य फिरवायला सगळ्यांत जास्त वेळ जायचा. मी हा दांडा हाताने वर ढकलतो तेव्हा प्रत्येक पायरीचा हिसका बोटाला कळतो. मागाच्या खडखडाटात वाढलेल्या माणसाला तो आवाज फार ओळखीचा वाटतो.

आल्मन स्ट्रॉजर हा अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत अंत्यविधीचा व्यवसाय करायचा. त्याला या यंत्राचं पेटंट १८९१ साली मिळालं. आपल्याकडे बंगळूरच्या आयटीआयने, म्हणजे ‘इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज’ या सरकारी कंपनीने, अशी एक्स्चेंज बनवली. अर्थात ‘लावणे’ काही या यंत्राने दिलेलं नाही. ऑपरेटर बोर्डावर दोरीची पिन खोचून लाइन जोडून द्यायचे, परगावचा ट्रंक कॉल ‘लावून’ द्यायचे, तेव्हाही हेच क्रियापद होतं.

डायल गेला तसं ‘नंबर फिरव’ मागे पडलं. ‘लाव’ मात्र टिकलं, कारण त्याच्यावाचून अडतं. ‘दोनदा फोन केला, लागलाच नाही’ आणि ‘फोन लागला, पण मामाने उचलला नाही’ या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. नुसत्या ‘करणे’ने त्या सांगून बघा. राँग नंबरसुद्धा ‘लागतो’च.

आणखी एक. उत्तर कर्नाटकाच्या कन्नडमध्येही ‘फोन हच्चु’ म्हणतात, आणि दिवा लावायलाही ‘हच्चु’च. सोलापुरात कन्नड बोलणारं घर शोधावं लागत नाही. शेजारच्या काकूंना विचारून बघा.